बॉडी बदलण्याआधी मागच्या तीन ऑर्डरी उघडा

कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, जुनी झाली म्हणून फोटो बिघडतात, की फोटो बिघडले म्हणून बॉडी जुनी वाटायला लागते, हे आधी ठरवावं लागतं. त्याचा पुरावा तुमच्याच हार्डडिस्कवर पडलेला असतो. यूट्यूबवरचा माणूस जपानमधल्या रस्त्यावर फोटो काढून कॅमेरा भारी म्हणतो. तुम्हाला तो वणी-वरोऱ्याच्या मे महिन्यात, गुलाबी कापडाच्या मांडवात आणि जनरेटरच्या उजेडात चालवायचा आहे.

हा लेख तालुक्याच्या गावी लग्नाची आणि कार्यक्रमांची कामं करणाऱ्यांसाठी आहे. हातात एक मिररलेस बॉडी आहे, तिला चार-सहा वर्षं झाली आहेत आणि नवं मॉडेल खुणावतंय, असं गृहीत धरलं आहे.

रिजेक्ट फोटोंचे ढीग करा

मागच्या सहा-आठ महिन्यांतल्या तीन ऑर्डरी घ्या. एक दुपारचं मांडवातलं लग्न, एक रात्रीचं लॉनवरचं रिसेप्शन आणि एक हालचालीचं काम: वरात, शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), कबड्डी किंवा झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातलं) नाटक. प्रत्येकातून अल्बममध्ये घेता न आलेले शंभर फोटो वेगळे काढा. सिलेक्शन करतानाच डिलीट मारायची सवय असेल, तर पुढच्या तीन ऑर्डरी होईपर्यंत काही डिलीट करू नका आणि बॉडीही घेऊ नका.

आता एकेक फोटो शंभर टक्के झूम करून पाहा. सगळी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल तर कॅमेरा हलला. मागचा खांब कडक आहे पण नाचणाऱ्याचा हात पुसट आहे, म्हणजे शटरचा वेग कमी पडला. नवरीचा डोळा मऊ आणि मागच्या मावशीची नथ कडक, हा फोकसचा दोष. सगळं जागेवर आहे पण नवरदेवाच्या काळ्या कोटात रंगीत दाणे फुटलेत, हा नॉईज. फोटोभर आडवे काळे-पिवळे पट्टे, हा एलईडी लाईटचा. डोळे मिटलेले, अक्षता पडून गेलेल्या, हार घालून झालेला, हा तुमचा. प्रत्येक ढिगात किती फोटो आले आणि त्यांचं शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) काय होतं, हे वहीत मांडा. लाईटरूमच्या मेटाडेटा फिल्टरने हे काम दोन तासांत उरकतं.

तालुक्याच्या कामात बहुतेकदा सगळ्यात मोठा ढीग कमी शटरचा निघतो. वरातीत १/६० किंवा १/८० ला काढलेले फोटो कोणत्याही बॉडीवर पुसटच येणार. नाच थांबवायला किमान १/२५० लागतं. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, नाचणाऱ्याचा नाही.

नवी बॉडी खऱ्या अर्थाने सुधारू शकते ते ढीग दोनच: फोकस आणि पट्टे. नॉईज अर्धामुर्धा. ३०० पैकी फोकस आणि पट्टे मिळून १०० च्या आत असतील, तर निदान फोटोंसाठी तरी बॉडी बदलायचं कारण नाही. व्हिडिओ आणि कार्डाचा मुद्दा वेगळा आहे, तो पुढे येतो.

फुकटात होतं ते आधी

फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, तपासा. एप्रिल २०१९ च्या ३.० फर्मवेअरने सोनीच्या ए-सेव्हन थ्रीला सतत डोळा धरून ठेवणारा फोकस आणि प्राण्यांचा आय-फोकस दिला. निकॉनच्या झेड-सिक्सला आय-फोकस मुळात नव्हताच. तो मे २०१९ च्या २.० फर्मवेअरने आला. सेकंडहँड घेतलेल्या कित्येक बॉड्या अजून जुन्याच फर्मवेअरवर चालतात आणि मालक फोकसच्या नावाने बोटं मोडतो. अपडेट करताना बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. लेन्स आणि अडॅप्टरचं फर्मवेअर वेगळं असतं, तेही पाहा.

मग सेटिंग. मंगलाष्टकांत मुंडावळ्या नवरीच्या डोळ्यांसमोर लोंबतात आणि आय-फोकस मोत्यांच्या सरीवर जाऊन बसतो. अक्षता उडाल्या की तो तांदळाच्या मागे धावतो. सतत फोकसच्या मेनूत ट्रॅकिंगची संवेदनशीलता असते. ती ‘धरून ठेव’ बाजूला एक-दोन घरं न्या. लेन्सचं तोंड एफ/१.८ ऐवजी थोडं लहान, एफ/२.८ ठेवा. एवढ्यानेही फोकसचा ढीग बराच उतरतो.

नॉईजसाठी लाईटरूममध्ये एप्रिल २०२३ पासून एआयचं डीनॉईज आहे. रॉ (सेन्सरवरून आलेल्या कच्च्या) फाईलवर ते चांगलं काम करतं आणि नजरेला एका-दोन स्टॉपचा फायदा दिसतो; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. मात्र जुन्या लॅपटॉपला, वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर, एका फोटोला काही मिनिटं लागू शकतात. सगळी ऑर्डर त्यात टाकू नका. अल्बमच्या ८०-१०० निवडक फोटोंपुरतं वापरा.

लेन्सचं गणित

किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ ला येते. तिच्या जागी एफ/१.८ ची फिफ्टी (५० एमएमची लेन्स) लावली तर सव्वातीन स्टॉपच्या वर उजेड जास्त मिळतो. म्हणजे जिथे आयएसओ १२,८०० लागत होता तिथे साधारण १,२५० वर भागतं. याउलट क्रॉप सेन्सरवरून फुल फ्रेमवर गेलात आणि लेन्सचं अ‍ॅपर्चर तेच राहिलं, तर नॉईजमध्ये फायदा एक ते सव्वा स्टॉपचा. आणि फुल फ्रेमवरून नव्या फुल फ्रेमवर गेलात तर? २०१८ ची ए-सेव्हन थ्री आणि २०२१ ची ए-सेव्हन फोर, दोन्हींचे फोटो एकाच मापावर आणून शेजारी ठेवा. नॉईजमध्ये पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, दिसेल असा फरक सापडत नाही.

फिफ्टीने वीस जणांचा ग्रुप फोटो एफ/१.८ वर काढायचा नसतो, मागची ओळ मऊ होते. तिथे एफ/५.६ आणि फ्लॅशच लागतो. मांडवाच्या गुलाबी-पिवळ्या कापडावर फ्लॅश बाऊन्स केला की चेहऱ्यावर तोच रंग चढतो. एक ट्रिगर आणि स्टँडवरचा फ्लॅश बॉडीच्या किमतीच्या एका छोट्या हिश्श्यात येतो आणि पाच वर्षं कामाला येतो.

मेगापिक्सेलचंही एकदा मोजून घ्या. आपल्याकडचा नेहमीचा अल्बम १२ बाय ३६ इंचांचा. त्याचं एक पान १२ बाय १८. ३०० डीपीआयला ते ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आत. २४ मेगापिक्सेलची बॉडी पूर्ण पान भरून वर उरते. ३३ मेगापिक्सेल क्रॉप करायला सोयीचे, पण त्यासाठी कर्ज काढायला नको.

नवी बॉडी जिथे खरंच लागते

पहिली जागा दुसऱ्या कार्ड स्लॉटची. आमच्या मते व्यवसायासाठी बॉडी बदलायचं हे सर्वांत पक्कं कारण आहे. बिघडलेला फोटो सुधारता येतो, कार्ड उडालं तर लग्न परत लागत नाही. कॅननच्या ईओएस आर, आरपी आणि आर-एट, निकॉनची पहिली झेड-सिक्स, सोनीच्या ए-६४०० आणि ए-६७०० या सगळ्या एका स्लॉटच्या. कॅननची आर-सिक्स आणि आर-सेव्हन, निकॉनची झेड-फाईव्ह, सोनीची ए-सेव्हन थ्री यांना दोन स्लॉट. लक्षात घ्या, यातली एकही नवीकोरी नाही. सेकंडहँड बाजारात मिळतात. म्हणजे एका स्लॉटवरून दोनवर जायला ताजं मॉडेलच लागतं असं नाही. घेतल्यावर मेनूत ‘बॅकअप’ निवडा. कारखान्याची सेटिंग बरेचदा एक कार्ड भरलं की दुसऱ्यावर जाण्याची असते, तिचा बॅकअपला काही उपयोग नाही. आणि दोन्ही कार्डं सारख्या वेगाची ठेवा, नाहीतर हळू कार्ड दुसऱ्यालाही आपल्या चालीने चालवतं.

दुसरी जागा व्हिडिओची. ए-सेव्हन थ्री ८ बिटमध्येच रेकॉर्ड करते. लॉग (नंतर रंग चढवायचा फिकट प्रोफाइल) लावून हळदीचा कार्यक्रम काढला आणि ग्रेडिंगमध्ये रंग ओढला, की पिवळ्या भिंतीवर आणि संध्याकाळच्या आभाळात पायऱ्या दिसायला लागतात. ए-सेव्हन फोर, आर-सिक्स या बॉड्या १० बिट देतात, तिथे रंग सहन होतो. पण हे वाचून लगेच पैसे मोजू नका. १० बिट ४:२:२ ची एचइव्हीसी (घट्ट दाबलेल्या व्हिडिओची) फाईल जुना कॉम्प्युटर खेळवू शकत नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची कार्डंही ती हार्डवेअरवर उघडत नाहीत. इंटेलचा ११व्या पिढीपासूनचा प्रोसेसर, त्याचं अंगचं ग्राफिक चालू असेल तर, उघडतो. भाड्याने आणलेल्या बॉडीवर पाच मिनिटांचा क्लिप काढून आपल्या टाइमलाइनवर टाकून पाहा. अडखळला तर प्रॉक्सी (एडिटिंगसाठी हलकी प्रत) करावी लागेल, म्हणजे प्रत्येक ऑर्डरीमागे काही तास आणि जागा वाढली. पार्टी टीझर मोबाईलवरच पाहणार असेल आणि तुम्ही लॉग वापरत नसाल, तर ८ बिट पुरतं.

तिसरी जागा पट्ट्यांची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब, झालर आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे जातात. पारकॅन (स्टेजचे रंगीत दिवे) आणि एलईडी वॉल यांची लुकलुक मात्र फार वेगळ्या आणि जास्त वेगाची, तिला हा उपाय लागू पडत नाही. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे पट्टे दाट येतात. मेकॅनिकल शटर लावलं की बरेच कमी होतात. वडश्याकडे थंडीत रात्रभर झाडीपट्टीची नाटकं काढणाऱ्यांना शटरचा खटखटाट नको असतो आणि लाईट सगळे रंगीत एलईडी. अशा कामाला सेन्सर जलद वाचणारी किंवा शटरचा वेग बारीक पावलांनी जुळवू देणारी नवी बॉडी लागते. निकॉनच्या २०२४ च्या झेड-सिक्स थ्रीचा सेन्सर अशाच जलद वाचनासाठी केलेला आहे.

शंकरपटातही हेच दिसतं. हळू सेन्सरवर सायलेंट शटरने जोडी काढली तर चाकाच्या आऱ्या वाकतात आणि धुरकऱ्यामागचा (जोडी हाकणाऱ्यामागचा) खांब तिरका होतो. मेकॅनिकल शटर, १/१६०० आणि सतत फोकस, एवढ्यावर जुनी बॉडीही बरं काम देते. नव्या बॉड्यांच्या प्राणी-फोकसवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. कंपन्यांच्या यादीत कुत्रा, मांजर, पक्षी असतात. २०२२ च्या आर-सिक्स मार्क टूने घोडाही घेतला. बैलजोडीचं काय ते पटावरच तपासावं लागतं.

ऊन

कॅनन, सोनी, निकॉन या तिन्ही कंपन्या वापरासाठी कमाल ४० अंश सेल्सिअस लिहितात. चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे दुपारचं लग्न काढताना आपण सुरुवातच मर्यादेच्या बाहेरून करतो. नवी महागडी बॉडी यातून सुटत नाही. जास्त रिझोल्यूशन आणि जास्त फ्रेम म्हणजे जास्त उष्णता. आर-सिक्स आली तेव्हा कॅननने ४के ६० (सेकंदाला ६० फ्रेमच्या ४के) व्हिडिओसाठी साधारण अर्ध्या तासाची मर्यादा दिली होती आणि तीही २३ अंशांच्या खोलीत. टिनाच्या शेडखाली ती कितीवर येईल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

उपाय साधे आहेत. सोनीत ‘ऑटो पॉवर ऑफ तापमान’ हे सेटिंग ‘हाय’वर टाका. स्क्रीन बॉडीपासून बाहेर ओढून ठेवा, मागून हवा लागते. विधी सुरू नसताना रेकॉर्डिंग बंद करा, बॉडीवर पांढरा ओला नव्हे तर कोरडा रुमाल टाका आणि बंद कारच्या डॅशबोर्डवर बॅटरी ठेवू नका. पूर्ण विधीचा ट्रॅडिशनल व्हिडिओ ४के ६० ऐवजी २५ फ्रेमवर काढा. व्हिडिओसाठी बॉडी बदलणार असाल, तर तिची चाचणी मेमध्येच घ्या. डिसेंबरात सगळ्याच बॉड्या थंड असतात.

पूर्ण खर्च मांडा

दुकानातला भाव हा अर्धाच हिशेब. समजा, नवी बॉडी १,९०,००० रुपयांची. जादा बॅटरी ७,०००, दोन जलद कार्डं १८,००० आणि दोन हार्डडिस्क २०,०००. झाले २,३५,०००. जुनी बॉडी ६५,००० ला गेली तर खिशातून १,७०,०००. चार वर्षांनी ही बॉडी ७०,००० ला विकली असं धरलं, तर खरा खर्च एक लाख. वर्षाला २५ ऑर्डरी असतील तर चार वर्षांत १००, म्हणजे ऑर्डरीमागे १,००० रुपये. वर्षाला आठच ऑर्डरी असतील तर तोच आकडा ३,१०० च्या वर जातो. तुमच्या भागात त्याच बॉडीचं एका दिवसाचं भाडं याहून कमी असेल, तर भाड्यानेच आणा.

हार्डडिस्क का, तर फाईली फुगतात म्हणून. ३,००० फोटोंची ऑर्डर २५ एमबीच्या रॉने ७५ जीबी होते, ४० एमबीच्या रॉने १२०. पंचवीस ऑर्डरींत हा फरक एक टीबीच्या वर जातो आणि बॅकअपची दुसरी प्रत धरली तर दुप्पट.

सॉफ्टवेअरही पाहा. एकदाच विकत घ्यायचं लाईटरूम ६ (सहावी आवृत्ती) हे डिसेंबर २०१७ नंतर नव्या कॅमेऱ्यांसाठी अपडेट झालंच नाही. त्यात नव्या बॉडीची रॉ उघडणार नाही. अ‍ॅडोबीचं मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरून रस्ता निघतो, पण कामाची एक पायरी वाढते.

जुन्या लेन्सचं काय? कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर नीट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो, एएफ-डीचा नाही. स्टुडिओत पडलेली ८०-२०० डी किंवा फिफ्टी डी हाताने फिरवावी लागेल. कॅननच्या आर-फिफ्टीच्या हॉट शूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेवर) जुने फ्लॅश आणि ट्रिगर थेट चालत नाहीत, वेगळा अडॅप्टर लागतो.

कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के. तुमची नेहमीची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला नंबर घालून घ्या. १,९०,००० च्या बिलात सुमारे २९,००० रुपयांचं क्रेडिट असतं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्यांना ते मिळत नाही. हप्त्यावर घेताना कॅलेंडर समोर ठेवा. चातुर्मासात चार महिने मुहूर्त नाहीत आणि कास्तकार पार्टीची बाकी सोयाबीन-कापूस विकल्यावरच येते. हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो. क्रेडिट कार्डावरच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यातही व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो.

दोन दिवस भाड्याने

नागपूर किंवा अमरावतीहून बॉडी दोन दिवसांसाठी आणा. पहिला दिवस घरी. दोन्ही बॉड्यांवर तीच लेन्स, तोच ट्रायपॉड, तोच उजेड. आयएसओ ३,२००, ६,४०० आणि १२,८०० ला रॉ काढा. नव्या बॉडीचा फोटो जुन्याच्या मापावर लहान करा, नावं झाका आणि घरातल्या कोणाला तरी चांगला कोणता ते विचारा. त्यांना ओळखू आलं नाही तर पार्टीलाही येणार नाही.

फोकससाठी एकाला डोक्यावर पदर आणि डोळ्यांसमोर मुंडावळ्या बांधून दहा मीटरवरून चालत यायला सांगा. एफ/२ वर सलग फोटो, पाच फेऱ्या, दोन्ही बॉड्यांवर. कडक डोळे मोजा. जुनीवर शंभरात ६० आणि नवीवर ९० येत असतील तर फरक खरा. ८० आणि ८५ साठी दोन लाख घालू नका. दुसऱ्या दिवशी ती बॉडी रात्रीच्या कामाला न्या, पण मुख्य कॅमेरा जुनाच ठेवा.

सेकंडहँड घेताना

शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उडालं तो आकडा, बघा. ए-सेव्हन थ्रीचं शटर दोन लाखांसाठी, आर-सिक्सचं तीन लाखांसाठी तपासलेलं असतं. एफ/१६ वर आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी दिसते. ठिपके साफ होतात. सरळ रंगीत रेघ किंवा कायमचा चमकता ठिपका दिसला तर बॉडी खाली ठेवा. वरातीतल्या डीजेच्या लेझरने सेन्सर जळतो तो असाच दिसतो आणि त्याची दुरुस्ती म्हणजे सेन्सर बदलणं. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून लिहून पाहा, एचडीएमआयची तार हलवून पाहा, हॉट शूवर फ्लॅश मारून पाहा. बॉडी बंद असताना आत काही हलल्याचा आवाज आला तर घाबरू नका, स्टॅबिलायझेशनचा सेन्सर मोकळा असतो. बिलावरचा सीरियल नंबर बॉडीशी जुळलाच पाहिजे. देशातलं बिल नसेल तर कंपनीच्या वॉरंटीवर भरवसा ठेवू नका.

कापसाच्या जिनिंगच्या आवारात किंवा ताडोब्यात मोहर्लीच्या जिप्सीत लेन्स बदलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ईओएस आर बंद केल्यावर शटरचा पडदा सेन्सरवर येतो; ए-सेव्हन फोरमध्ये ते सेटिंग चालू करता येतं. धूळ सेन्सरऐवजी पडद्यावर बसते. त्या पडद्याला बोट किंवा ब्रश लावायचा नाही, फक्त हवेचा फुगा वापरायचा.

नवी बॉडी पहिल्यांदा कामावर नेताना

घेतलीच तर पहिलं काम साक्षगंधाचं (साखरपुड्याचं) किंवा बारशाचं असू द्या, लग्नाचं नको. बटणं जुन्या बॉडीसारखीच बसवा. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा, नाहीतर लाईटरूममध्ये सप्तपदीच्या आधी बिदाई लागते. व्हाईट बॅलन्स दोन्हींवर एकाच केल्विन आकड्यावर ठेवा, ऑटोवर नको. आणि पहिल्या दहा ऑर्डरी होईपर्यंत जुनी बॉडी विकू नका. तिच्या बॅटऱ्या दर महिन्याला एकदा चार्ज करून ठेवा.